पारावरचे पंच



गेल्या आषाढीच्या वाटेवर नातेपुत्याच्या मुक्कामी घडलेला एक साधा प्रसंग आधी सांगतो, म्हणजे हा विषय या पानावर का आला ते ध्यानात येईल.

हरिपाठ झाला होता, जेवणे उरकली होती. राहुटीत कोणी तळपायाला तेल चोळीत होते, कोणी उशाला गाठोडे घेऊन आडवे झाले होते. तेवढ्यात एका तरुणाने मोबाईलवर आलेली एक बातमी मोठ्याने वाचून दाखविली. कुठल्याशा वस्तीवरून एक लहान मूल कोणी पळवून नेले आणि चौथ्या दिवशी त्याचे प्रेत उसात सापडले. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे येईलच. बातमी ऐकून सारे हळहळले. एक म्हातारी तर डोळ्यांना पदर लावून बसली. पण ती हळहळ किती वेळ टिकली म्हणाल? तळपायाचे तेल जिरेपर्यंतसुद्धा नाही.

मग सुरू झाले. चप्पल एकाच पायाची कशी सापडली? कुत्रे का भुंकले नाही? म्हणजे नेणारा ओळखीचाच असणार. चुलत्याशी बांधाचा वाद होता म्हणे. बाप त्या दिवशी बाजाराला गेला होता, तो मुद्दामच गेला नसेल कशावरून? अर्ध्या तासात आमच्या राहुटीने चुलत्याला धरले, सोडले, बापाला धरले आणि अखेर एका दूधवाल्याला फासावर चढवून ती मोकळी झाली. मीही त्यात दोन शब्द टाकले, खोटे कशाला सांगू?

कोपऱ्यात आमचे वीणेकरी आबा पडून होते. त्यांचा डोळा लागला असेल असे आम्हांला वाटले होते. ते पडल्या पडल्याच म्हणाले, "का हो माउली, तुमच्यातलं त्या उसात कोण होतं?" कोणी बोलेना. "मग निजा आता. पहाटे चालायचंय."

दुसऱ्या दिवशी माळशिरसपर्यंत टाळ हातात होता, पण मन त्या प्रश्नात अडकले होते. जो गुन्हा आपण पाहिला नाही, ज्याचा तपास आपल्याकडे नाही, त्याच्या पुराव्याचा काथ्याकूट करण्यात दोष आहे काय? आणि असला तर तो नेमका कोठे आहे? 'परनिंदा करू नये' हे उत्तर आपल्या सर्वांना पाठ आहे, पण ते येथे पुरत नाही. खून ही काही शेजारणीची चहाडी नव्हे. एका आईचे मूल गेले. ते कोणी नेले, हा प्रश्न ज्याच्या मनात येणारच नाही तो माणूस कसला?

याचा विचार करावयाचा तर डोळ्यांपुढे एखादे प्रकरण हवे. आपल्याकडील चालू खटला घेतला तर ज्याला दोष म्हणतो तोच आपल्या हातून घडेल. म्हणून जुने, दूरचे आणि न्यायालयात निकाल लागलेले असे एक प्रकरण घेतो. ते अमेरिकेतील आहे. जगात दुसऱ्या कोणत्याही खुनाच्या पुराव्यावर तिऱ्हाइतांनी इतका खल क्वचितच केला असेल.

चार्ल्स लिंडबर्ग नावाचा एक वैमानिक होता. १९२७ च्या मे महिन्यात तो एकटा, एका इंजिनाच्या विमानातून, न्यूयॉर्कहून अटलांटिक महासागर ओलांडून पॅरिसला उतरला. साडेतेहतीस तास तो हवेत होता. त्या दिवसापासून लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे लग्न झाले, मुलगा झाला. लोकांच्या गराड्याला कंटाळून त्याने न्यू जर्सी राज्यात होपवेल या खेड्याजवळ, रानात, डोंगराच्या कडेला घर बांधले. १ मार्च १९३२ च्या रात्री त्याच घराच्या वरच्या मजल्यावरून त्याचा वीस महिन्यांचा मुलगा कोणी उचलून नेला. खिडकीशी ५० हजार डॉलर मागणारी चिठ्ठी. अंगणात तीन तुकड्यांची हातबनावटीची शिडी, तिची एक बाजू चिरफाळलेली. चिखलात पाऊल, आणि एक पटाशी. एवढाच ऐवज.

सकाळ होईपर्यंत तो चिखल शेकडो पायांनी तुडविला होता. पोलीस, बातमीदार, बघे, सगळे एकत्र. कोणाला वाईट करावयाचे नव्हते. प्रत्येकाला मदतच करावयाची होती.

पैसे दिले गेले. ब्रॉन्क्स भागातील एक निवृत्त शिक्षक मध्यस्थ झाला आणि २ एप्रिलला रात्री एका दफनभूमीत ५० हजार डॉलर त्याने एका अनोळखी माणसाच्या हाती ठेवले. मूल परत आले नाही. १२ मे रोजी घरापासून साताठ किलोमीटरांवर, रस्त्याकडेच्या झाडीत, एका ट्रकवाल्याला ते सापडले. डोक्याला मार होता. बहुधा नेल्या रात्रीच ते गेले होते. म्हणजे सारा महिना देश ज्याच्यासाठी नोटा मोजीत होता, ते मूल तेव्हा या जगात नव्हतेच.

आता तिकडच्या पारावर काय चालले होते ते पाहा. कुत्रे का भुंकले नाही? (घरात कुत्रा होता आणि तो भुंकला नव्हता. नातेपुत्याच्या राहुटीतला प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी होपवेलला विचारून झालेला आहे!) लिंडबर्ग कुटुंब त्या घरी फक्त शनिवार-रविवारी राही, त्या आठवड्यात मुलाला सर्दी झाली म्हणून मंगळवारी मुक्काम लांबला. मग नेणाऱ्याला हे कळले कसे? घरातलाच कोणी फुटला असला पाहिजे. तर्क वाईट नाही. मी तेथे असतो तर मीही हेच म्हटले असते.

पण तर्क हवेत राहत नाही, तो कोणाच्या तरी अंगावर जाऊन बसतो. मुलाच्या दाईचा एक नॉर्वेजियन खलाशी मित्र होता. त्याच्या मोटारीत दुधाची रिकामी बाटली सापडली. झाले! लहान मूल, दूध, बाटली. तो सांगत होता, 'मला दूध आवडते, मी पितो आणि बाटली मागे टाकतो.' शेवटी तो निर्दोष ठरला. परंतु चौकशीत तो परवान्याविना देशात राहतो हे निघाले आणि त्याला देशाबाहेर घालविण्यात आले.

व्हायोलेट शार्प या बाईची गोष्ट याहून वाईट झाली. लिंडबर्गच्या सासूबाईंच्या घरी, दूर एंगलवूड गावी, ती कामाला होती. इंग्लंडहून पोट भरावयास आलेली, तिशीच्या आतली. त्या संध्याकाळी कोठे होतीस, असे विचारल्यावर ती आधी म्हणाली, चित्रपटाला. मग म्हणाली, रस्त्यावरच्या एका गुत्त्यात. त्या वेळी अमेरिकेत दारूबंदी होती. बरोबर कोण होते, तर पुरते नाव सांगता येईना. जबानी फिरली म्हणजे चोर सापडला, असे कोणालाही वाटेल. तिची पुन्हापुन्हा चौकशी झाली. १० जून १९३२ रोजी, आज पुन्हा पोलीस बोलावतात असे कळताच, तिने घरातले भांडी चकाकविण्याचे विष प्याले आणि ती मेली. त्यानंतर तिच्याबरोबर त्या संध्याकाळी असलेली माणसे मिळाली. ती खरोखरच त्यांच्याबरोबर गुत्त्यात होती. तिने लपविले ते एवढेच, की परक्या पुरुषाबरोबर ती दारूच्या गुत्त्यावर गेली होती. ते नोकरी घालविणारे होते. खुनाशी त्याचा काही संबंध नव्हता.

मला येथे थांबावेसे वाटते. माणूस खोटे बोलला म्हणजे त्याने तोच गुन्हा केला असे होत नाही. ज्याच्या त्याच्या पदरी झाकून ठेवण्याजोगे काहीतरी असते. आपल्यापैकी कोणाचीही एक संध्याकाळ काढा आणि मिनिटामिनिटाचा हिशेब मागा. आपण दोनदा तरी अडखळू. त्या पोरीच्या अडखळण्याचे कारण तिच्या लाजेत होते. देशभर पुरावा चिवडणाऱ्यांपैकी एकाला तरी हे सुचावयास हवे होते की नाही?

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. दिलेल्या नोटांत सुवर्णनोटा होत्या आणि त्यांचे क्रमांक टिपलेले होते. १९३३ साली सरकारने सुवर्णनोटा परत मागविल्या, त्यामुळे त्या बाजारात दिसेनाशा झाल्या. सप्टेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका पेट्रोलपंपावरच्या माणसाला गिऱ्हाइकाने दहा डॉलरची सुवर्णनोट दिली. बँक ही घेईल की नाही, अशी शंका येऊन त्याने गाडीचा क्रमांक नोटेच्याच कडेवर लिहून ठेवला. त्या क्रमांकावरून १९ सप्टेंबरला ब्रूनो रिचर्ड हाउप्टमान हा जर्मन सुतार पकडला गेला. त्याच्या गॅरेजमध्ये १४ हजारांवर डॉलर निघाले, त्याच नोटा. तो म्हणाला, ते एका मित्राने ठेवावयास दिले होते. आणि तो मित्र तर जर्मनीत जाऊन मेला होता. २ जानेवारी १९३५ ला फ्लेमिंग्टन गावी खटला उभा राहिला, १३ फेब्रुवारीला ज्यूरीने त्याला दोषी ठरविले आणि ३ एप्रिल १९३६ रोजी त्याला विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड दिला गेला. अखेरपर्यंत तो म्हणत राहिला, मी ते केले नाही.

फ्लेमिंग्टनला त्या सहा आठवड्यांत जत्रा भरली होती. लोक मुलाच्या शिडीच्या छोट्या प्रतिकृती आठवण म्हणून विकत घेत होते. ज्या शिडीवरून एक मूल मरणाकडे गेले, ती छातीला लावून लोक घरी जात होते. निकालाच्या रात्री न्यायालयाबाहेरच्या गर्दीतून 'मारून टाका त्याला' अशा आरोळ्या आत ऐकू येत होत्या. छायाचित्रकारांचा इतका धुडगूस झाला की १९३७ मध्ये तेथील वकिलांच्या महामंडळाने न्यायालयात कॅमेऱ्याला मज्जाव करणारा नियमच केला.

पण आपला मुद्दा आता पुढेच आहे. खटल्यात दोन तऱ्हेची माणसे साक्षीला आली. एक आर्थर कोलर, विस्कॉन्सिनच्या सरकारी प्रयोगशाळेतले लाकडाचे जाणकार. त्यांनी शिडीचे तुकडे समोर ठेवले आणि रंधायंत्राच्या पात्यांनी फळीवर उठलेल्या खुणा मोजल्या. असे रंधकाम कोठे होते, हे विचारीत दीड हजारांवर गिरण्यांना पत्रे धाडली. माग काढीत काढीत ते दक्षिण कॅरोलायनातल्या एका गिरणीपर्यंत, आणि तेथून पुन्हा ब्रॉन्क्समधल्या एका लाकडाच्या वखारीपर्यंत येऊन पोचले. यात दीड-दोन वर्षे गेली, आणि हे सारे हाउप्टमानचे नाव कोणाला ठाऊक होण्याआधी! पुढे शिडीची एक बाजू त्याच्या माळ्यावरच्या फळीशी जुळली. वर्तुळे जुळली, जुन्या खिळ्यांची भोके खालच्या वाशांशी जुळली. या गृहस्थांनी 'कोणी केले' असे कधी विचारलेच नाही. 'हे लाकूड कोठले' एवढेच विचारले.

दुसरी तऱ्हा प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची. घराजवळ राहणाऱ्या एकाने १९३२ साली पोलिसांना सांगितले होते की मी कोणी संशयित पाहिला नाही. तोच १९३५ मध्ये म्हणाला, पाहिला, तो हाच. दुसरे एक ८७ वर्षांचे आजोबा. ते म्हणाले, मोटारीतून शिडी नेणारा हाच. त्यांच्या दृष्टीबद्दल पुढे पुष्कळ शंका निघाल्या. मला वाटते, हे दोघे ठरवून खोटे बोलले असे म्हणण्याची गरज नाही. अडीच-तीन वर्षे रोज तेच वाचावयाचे, तेच ऐकावयाचे, शेवटी हाउप्टमानचे चित्र शंभरदा पाहावयाचे. मग आठवणीच्या पाटीवर आपोआप तोंड उमटते. गावगप्पांनी नुसता आरोपी बिघडत नाही, साक्षीदारही बिघडतो. विहिरीत चार जणांनी चार घागरी ओतल्या की मूळ पाणी कोणते, हे विहिरीलाही सांगता येत नाही.

आता कोणी म्हणेल, 'बुवा, मग तर लोकांनी शंका घेतल्या हे बरेच झाले! नाहीतर असल्या साक्षींवर एक माणूस मेला, हे कोणाला कळले असते?' खरे आहे. हा पूर्वपक्ष बळकट आहे आणि तो मी टाळणार नाही. न्यू जर्सीचे गव्हर्नर हॅरॉल्ड हॉफमन यांनाच खटला पटला नव्हता; त्यांनी तुरुंगात जाऊन हाउप्टमानची भेट घेतली आणि मरण ३० दिवस पुढे ढकलले. हाउप्टमानची बायको १९९४ मध्ये मरेपर्यंत नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसण्यासाठी झगडत राहिली. १९८१ मध्ये त्या राज्याच्या गव्हर्नरांनी पोलिसांची जुनी कागदपत्रे लोकांना खुली केली. तेव्हापासून शिक्षक, वकील, कारकून, सुतार, कोणीही उठतो आणि ती कागदपत्रे वाचतो. ती शिडी आजही न्यू जर्सी पोलिसांच्या संग्रहालयात आहे. या तिऱ्हाइतांनीच दाखवून दिले की अमुक साक्षीदाराची आधीची जबानी वेगळी होती, तमुक कागद बचावाच्या वकिलाला मिळालाच नव्हता. हे काम वाईट कसे म्हणावे? ते चांगलेच आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर लाकूड आणि नोटा या दोन गोष्टी मला हलत नाहीत. त्या माणसाचा हात त्यात होता, असे मला वाटते. तो एकटा होता की आणखी कोणी होते, हे मला सांगता येत नाही, आणि मला कोणी विचारलेलेही नाही.

पण या शंकेखोरांचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. 'हाउप्टमानवरचा पुरावा कच्चा आहे' येथवर ते आले, की तेथे त्यांना थांबवत नाही. मग कोणी केले? १९९३ साली निघालेल्या एका पुस्तकात खुद्द बापावर आळ आहे: लिंडबर्गनेच थट्टेत मुलाला उचलले, ते पडले आणि मग हे सारे नाटक रचले, म्हणून. त्याच सुमारास दुसऱ्या एका पुस्तकात मुलाच्या मावशीवर. मावशी तर १९३४ मध्येच वारली होती. लिंडबर्ग १९७४ मध्ये गेला. परंतु मुलाची आई २००१ पर्यंत जिवंत होती. म्हणजे आधी पोटचे पोर गेले, आणि म्हातारपणी नवरा व बहीण यांना खुनी ठरविणारी पुस्तके तिच्या हयातीत दुकानांत मांडली गेली. शिवाय मधूनमधून कोणी ना कोणी प्रौढ गृहस्थ उठून सांगे, 'तो हरवलेला मुलगा मीच.' तेही एकटादुकटा नव्हे, असे अनेक झाले.

एका गळ्यातला फास सोडवावयाचा तर तो लगेच दुसऱ्या गळ्यात अडकविल्यावाचून या मनाला चैन पडत नाही. 'ठाऊक नाही' या शब्दाशी त्याला रात्र काढता येत नाही. माझ्या अल्पमतीला दोष दिसतो तो येथे. शंका घेण्यात दोष नाही. दोष नाव घेण्यात आहे. 'हा पुरावा पुरत नाही' म्हणणारा माणूस न्यायाची सेवा करतो. 'हा नव्हे, तो' म्हणणारा, तोही न पाहता, न विचारता, उलटतपासणीवाचून म्हणणारा, न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो. न्यायाधीश चुकला तर त्याच्या वर दुसरे न्यायालय आहे, त्याला कारणे लिहून सही करावी लागते. पारावरच्या पंचाला सही नाही, अपील नाही आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी तो नुसता विषय बदलतो.

आपल्या इकडच्या कायद्यातही जुना दंडक आहे: तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिल्याची गोष्ट असेल तर 'मी पाहिले' असे म्हणणाराच उभा राहिला पाहिजे. कायदे बदलले, नावे बदलली, हा नियम राहिला. आपल्या गावांत मात्र नेमके उलटे असते, हे कबूल केले पाहिजे. ज्याने खरोखर काही पाहिलेले असते तो पोलिसासमोर गप्प बसतो, 'कशाला कोर्टाचे हेलपाटे' म्हणून. आणि ज्याने काहीच पाहिलेले नसते तो पारावर रंगून बोलतो. पहिल्याचे मौन हेही पापच आहे. त्याला निंदा टाळण्याचे गोंडस नाव देऊ नये. त्या पेट्रोलपंपावरच्या माणसाकडे बघा. त्याने आरडाओरडा केला नाही, गिऱ्हाइकाला धरले नाही. दिसले तेवढे कडेला लिहिले आणि नोट पुढे दिली.

कोणी म्हणेल, पण मुद्देमाल हाती लागल्यावर तरी बोलावयास हरकत काय? आपल्या चोखोबांच्या चरित्रात एक कथा सांगतात. विठोबाचा हार त्यांच्या गळ्यात सापडला. सापडला, ऐकीव नव्हे, डोळ्यांनी दिसला. पुरावा म्हणाल तर याहून उघड तो कोणता असावयाचा? आणि त्यावरून बडव्यांनी त्यांना मारले. हार गळ्यात होता हे खरे होते आणि चोखोबा चोर नव्हते हेही खरे होते. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. ज्याला देवळाबाहेरच उभे राहावे लागे, त्याच्याविरुद्ध पुरावा किती चटकन पुरा पडतो, एवढेच बघा.

त्याच चोखोबांच्या मंगळवेढ्याकडची गोष्ट आहे म्हणून येथे सांगतो. ती फार जुनी नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तेथे आले होते. त्यांपैकी बहुतेक मंगळवेढे तालुक्याकडचे, म्हणजे आपल्या पंढरीच्या शेजारचे. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होते. एकाने लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढे निमित्त झाले असे तेव्हा सांगण्यात आले. लोकांनी पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच मरेपर्यंत मारले. तेथे पळविलेले मूल नव्हतेच. प्रेत नव्हते, शिडी नव्हती, चिठ्ठी नव्हती. खटला सुरू होण्याआधी शिक्षा झाली, आणि ज्या गुन्ह्याची झाली तो गुन्हा घडलाच नव्हता.

मारणारे लोक राक्षस नव्हते. बाजाराला आलेले आईबाप होते. मुलाच्या काळजीनेच त्यांचे हात उठले, असे ते सांगतील आणि ते खोटेही नसेल. म्हणूनच मला भीती वाटते. द्वेषाने उठलेला हात कधी तरी लाजतो. काळजीने उठलेल्या हाताला आपण पुण्य करतो आहोत असे वाटत असते.

हे सगळे मी दुसऱ्यांचे सांगत आलो. आता माझे सांगतो, नाहीतर हे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

दहाबारा वर्षांपूर्वी आमच्या गावात सातआठ वर्षांचा एक मुलगा दिवेलागणीपर्यंत घरी आला नाही. पारावर माणसे जमली. मी तेव्हा पारावरचा मोठा शहाणा. मी म्हणालो, "दुपारी तो म्हातारीच्या केसांवाला शाळेपाशी घुटमळत होता." सायकलला काचेची पेटी लावून, घंटा वाजवीत, तो गुलाबी साखरेचे पुंजके विकीत येई. दुपारी मी त्याला पाहिले होते, हे खरे. शाळेपाशी पाहिले होते, तेही खरे. पण तो घुटमळत नव्हता, उभा होता. रोज तेथेच उभा राहत असे. मुले जेथे असतात तेथेच त्याचा धंदा. 'उभा होता' याचे 'घुटमळत होता' माझ्या जिभेने केले. तेवढ्या एका शब्दाचा फरक. चौघे पोरे मोटारसायकलींवर निघाली, पुढच्या गावच्या रस्त्याला त्याला गाठले, पेटी फोडली, आणि आणखी काय केले ते मी कधी नीट विचारले नाही. रात्री दहाला मुलगा सापडला. मामाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून साखर कारखान्यावर गेला होता, आणि तेथे उसाच्या मोळीवर झोपला होता.

सारे हसले. मुलाला दोन धपाटे बसले. तो केसांवाला पुन्हा आमच्या गावात आला नाही.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात मला तशीच घंटा ऐकू आली. वळून पाहिले. काचेची पेटी, गुलाबी पुंजके, दाढी पांढरी झालेला एक माणूस. तोच होता का? चेहरा तसा वाटला, पण शपथेवर सांगा म्हणाल तर मी आजही सांगू शकत नाही. नातवंडांसाठी दोन पिशव्या मागितल्या. त्याने दिल्या, पन्नासाची मोड मोजून माझ्या हातावर ठेवली. मी तेथेच उभा राहिलो.

"आणखी काही पाहिजे का, माउली?" त्याने विचारले.